वॅगनवरून उतरलेला माणूस

चौतीस वर्षं त्याने मालगाडीच्या वॅगन दुरुस्त केल्या. दिवसभर रिवेट ठोकायचा, म्हणून यार्डात त्याचं नावच पडलं ठोक्या. पूर्वी प्यायचाही, आणि कसा! लहानगी लेक दारातच अडवायची, “बाबा, तोंड उघडून हाऽऽ करा.” वास आला की आतून कडी. ती मोठी झाली, परदेशी गेली, तिथलाच नवरा केला. बायको वारली तेव्हा कुठे गड्याचे डोळे उघडले. सोडली ती सोडलीच, सात वर्षं थेंब नाही. अहो, खोकल्याचं औषधसुद्धा दहादा विचारून घ्यायचा!

यंदा लेक पहिल्यांदाच नातीला घेऊन येणार होती. अट एकच, बाबांनी प्यायची नाही. ठोक्याने खोली रंगवली, पोर पडू नये म्हणून पलंगाला कठडा ठोकला.

मग जावयाचा फोन आला. जावई इंग्रज. “स्टिल ऑन द वॅगन?” त्याने विचारलं. ठोक्याला त्यात वॅगन तेवढी कळली. जावई कामाची चौकशी करतोय म्हणून स्वारी खूश! तीन महिन्यांपूर्वीच तो रिटायर झाला होता. “नो, नो! ऑफ द वॅगन! थ्री मन्थ्स! व्हेरी हॅपी!”

दोन दिवसांनी लेकीचा मेसेज आला, येत नाही. मग ती फोनच उचलेना. तीन आठवडे तो त्या कठड्याकडे बघत एकटा जेवला. जेवला कसला, चिवडलं नुसतं.

शेवटी शेजारच्या इंग्रजीच्या बाईंना त्याने सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, वॅगनवर असणं म्हणजे दारू सोडलेली असणं. उतरलो म्हणजे पुन्हा धरली!”

“वॅगनचा आणि दारूचा काय संबंध?”

“ते त्या इंग्रजांना विचारा!”

बाईंच्या फोनवरून लावल्यावर लेकीने उचलला. ठोक्याने घडलं ते भडाभडा सांगितलं.

“बाबा, प्यायचात तेव्हाही तुमच्याकडे रोज एक गोष्ट असायचीच.”

खोटं नव्हतं ते. त्याने फोन तोंडाशी धरला आणि केलं, “हाऽऽ.”

“फोनमधून वास येत नाही, बाबा.” लेकीचा आवाज कापत होता.

“मग ये ना गं,” तो म्हणाला. “दारातच अडव.”