ट्रान्झिस्टरवाल्यानं बांधलेली मशीन

मेकॅनिक म्हटलं का तुमाले तेलकट कपडे दिसले असतील. पुसून टाका. रिसोडचा आमचा ट्रान्झिस्टरवाला पांढऱ्याशुभ्र पायजम्यात बसे, अन् काहीबी आना, मान वर न करता नाकातून म्हने, "झालं समजा!" ही नक्कल मले फस्कलास जमते.

एकदा भाजीच्या मळ्यावाल्या काकानं गुप्तधनापायी धातू हुडकायची जुनी मशीन त्याच्याकडं दुरुस्तीले आनली. बॅटऱ्या धरायच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटल्या होत्या.

"क्लिपा म्हंजे शहरातल्या लोकायचे लाड," म्हनत यानं बॅटऱ्या लोखंडी तारेनं थेट धातू हुडकनाऱ्या खालच्या चकतीलेच बांधल्या.

मंग काय! मशीनले स्वतःचीच तार सापडून राह्यली. जिथं न्या तिथं कुईंऽऽ! काकानं वांग्याचा अख्खा वाफा खोदला.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात उभी. "काहून रे मुडद्या! परवा बाजार हाये. आता गिऱ्हाइकाले काय खड्डे तोलून देऊ?"