वाकड्या मानेची सायकल

शौकतभाई गिऱ्हाइकाशी आडवे पडून बोलायचे. इस्लामपुरात आमच्या घराला लागूनच त्यांची उसाच्या ट्रॉल्या बनवायची शेड. मणक्याचं दुखणं सुरू झाल्यापासून त्यांनी शेडमध्येच बाज टाकली होती. नवखा माणूस दारात घुटमळला की आतून आवाज यायचा, "या की आत. मेलो न्हाई अजून, निस्ता आडवा हाय."

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. भाई ऐकेनात. शेवटी त्यांचा मुलगा अस्लम चिडून म्हणाला, "अब्बा, कुंडलला आत्याकडं एकटं जाऊन या. जमलं तर परत ऑपरेशनचं नाव काढणार न्हाई."

एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते आणि सायकलच्या सीटवर बसवत नव्हतं. तेव्हा पडून चालवायची सायकल करायची, असं त्यांनी ठरवलं. पाठ मागे टेकलेली, पाय आणि पॅडल पुढे.

पहिली सायकल त्यांनी ट्रॉलीच्या हिशेबाने केली. "चाक मागनं वढत आलं की गाडी सरळ येती," म्हणत पुढचं चाक धरणारा चिमटा त्यांनी मागे वळवून जोडला. सायकल खरोखरच सरळ गेली, हात सोडले तरी. वळणावरही ती सरळच गेली आणि भाईंना घेऊन उसात शिरली. उसातून आवाज आला, "फूटपट्टी, कुटं चुकलं रं?"

फूटपट्टी म्हणजे मी. मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पटत नाही. चिमटा ज्या नळीत फिरतो तिला सायकलची मान म्हणतात. त्या मानेची रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला एका जागी भिडते, टायर दुसऱ्या जागी टेकतो. या दोन जागांमधलं अंतर जास्त झालं तर सायकल वळत नाही, कमी झालं तर हँडल थरथरतं. मी बाजूला उकिडवा बसून दोरी ताणायचो आणि ते अंतर सांगायचो.

"आकडा तू सांभाळ, पडायचं मी बगतो," म्हणत भाई ग्राइंडरने मान कापायचे आणि नव्या कोनात जोडायचे. एका कोनात हँडल इतकं थडथडलं, की ते ओरडले, "हिला थंडीताप आलाय, उतरवा मला!"

अखेर एक कोन जमला. भाई कुंडलला जाऊन आले. "पाठ? कुटली पाठ?" असं अख्ख्या गल्लीला विचारत फिरले. बाज त्यांनी भंगारात दिली आणि गिऱ्हाइकांशी दारात उभं राहून बोलू लागले. मग दर आठवड्याला कुंडल. परत आले की शेडचं दार आतून लावून बराच वेळ आत असायचे. सायकल पुसत असतील, असं आम्ही धरून चाललो. अस्लमने ऑपरेशनचा विषय सोडला.

गेल्या हिवाळ्यात सकाळी चहा पिता पिता भाई गेले. हृदय बंद पडलं.

काही दिवसांनी अस्लमने ती सायकल बाहेर काढली. चार पॅडल मारली नाहीत तोच उजवीकडे आडवा झाला. मी बसलो, मीही उजवीकडेच पडलो. "काका, मापं तर तुमचीच हाईत की," अस्लम म्हणाला.

मापं माझीच होती, पण सगळी बाजूने घेतलेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या समोर बसलो. मान उजवीकडे चांगली दोन बोटं कललेली होती. सीटखाली एका अंगाला लोखंडी पाचर जोडलेली. काम चुकीचं नव्हतं. प्रत्येक जोड घासून, रंग देऊन नीट केलेला होता. भाईंचं अंग डावीकडे इतकं झुकलं होतं, की सरळ जायला त्यांना सायकल उजवीकडे वाकवावी लागली. आणि आम्ही त्यांना रोज बघत होतो.

अस्लमने मानेवरून हात फिरवला. "एवढं दुखत हुतं तर सायकलवर चढत-उतरत कसं हुतं?"

कुंडलहून आलेली आत्या उंबऱ्यात बसली होती. ती खाली बघत म्हणाली, "माज्या दारात तो आपनहून कवा उतरलाच न्हाई, बाळा. मी आन् सून दोगी त्याला उचलून आत न्यायचो. कुनाला सांगितलंस तर परत येनार न्हाई, म्हनला. मग मी काय करू?"