पुष्पाताईंचा हात हळू नव्हता

बायकोला माझ्या सगळ्या लबाड्या ठाऊक आहेत, ही एक सोडून. ही कुणालाच ठाऊक नाही. सात वर्षं झाली — आता लपवायचाही कंटाळा आला आहे.

मी गोंदियात कॉम्प्युटरची कामं करतो. आमगावकडच्या एका राईस मिलच्या धर्मकाट्यावरचा डेटाबेस मीच बसवला. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन, नाव, गाडीचा फोटो, सगळं त्यात जायचं. नोंदी करायच्या कामठ्याच्या पुष्पाताई. चष्मा नाकावर घसरलेला, पण बोटं अशी चालायची की बघत राहावं.

आता चूक. डेटाबेसच्या फाईलला डिस्कवर किती जागा राखायची, ते आधीच ठरवायचं असतं. आमच्याकडे धान साठवायची ढोली कुणी मळणीनंतर बांधतं का? मी मात्र चिमूटभर जागा दिली, आणि संपली की चिमूटभर आपोआप वाढेल असं सोडून दिलं. घाई होती — नाही, घाई कसली, आळस होता. वर मिलच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच जुन्या डिस्कवर टाकलं.

दिवाळीनंतर धान सुरू झालं. दर चार-सहा गाड्यांनी फाईल भरायची, डिस्ककडे जागा मागायची, आणि ती मिळेपर्यंत स्क्रीन गोठायची. फाईलचे तुकडे डिस्कभर विखुरलेले, त्यामुळे जुनी नोंद शोधायलाही वेळ. ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर गेली. शेठजींनी मला बोलावलं. पाच मिनिटांत मला सगळं कळलं.

"माहे हात चालूनच राहिले जी, मशीनच थांबून राहिली," पुष्पाताई म्हणाल्या. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टम बराबर है, शेठजी. एंट्री ही धीरे हो रही है."

एवढंच बोललो. शेठजींनी ताईंना काट्यावरून उठवून बारदान्याच्या खोलीत फाटकी पोती शिवायला बसवलं.

आणि खरं पाप तर पुढेच आहे. दुसऱ्याच दिवशी मी कॅमेरे वेगळ्या डिस्कवर नेले, फाईलला अख्ख्या हंगामाची जागा एकदम देऊन टाकली. तासाभराचं काम. आदल्या दिवशी करता आलं नसतं? आलं असतं. पण ताई खुर्चीवर असताना काम पळालं असतं, तर चूक कुणाची ते सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून त्या उठेपर्यंत थांबलो. त्यांच्या जागी शेठजींचे मेहुणे आले. दोन बोटांनी टाइप करायचे, तरी रांग सरकली. सगळे म्हणाले, बाईच मंद होती. मीही मान हलवली.

परवा आमगाव स्टेशनवर ताई भेटल्या. सोबत लेक, टायपिंगच्या क्लासला जाणारी. तिला म्हणाल्या, हे सर भलते हुशार आहेत. मग माझ्याकडे वळून हसल्या.

"इले काही सांगा जी, सर. माह्यावानी नोको व्हावं. माहे हात तं पैलेपासूनच मंद."

त्यांना ते आता खरंच वाटतं.

गाडीला वीस मिनिटं होती. त्यांनी डब्यातले मुरमुऱ्याचे लाडू पुढे केले. मी दोन खाल्ले.