विझवलात का?

बटण माझी धाकटी बहीण. सख्खी. लहानपणी दिसेल ते बटण दाबायची, म्हणून हे नाव. कुलूप आतून कसं चालतं ते तिला मी दाखवलं, तेव्हा तिच्या डोक्याचं अर्धं श्रेय कुणी मला दिलं तर मी नको म्हणत नाही. मी आठवी शिकलो, माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. ती मनाच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या नोंदी सांभाळते. माणूस बायकोला सांगत नाही ते डॉक्टरांच्या लॅपटॉपात असतं.

आणि डॉक्टर तो लॅपटॉप घेऊन परगावी भाषणाला निघाले होते.

मी तेव्हा दवाखान्यातच त्यांच्या टेबलाच्या खणाचं कुलूप बदलत होतो. बटण म्हणाली, "सर, भाषण न्या, नोंदी नका नेऊ. वाटेत कुणी उचलला तर?"

"उचलू दे. डिस्क तूच एन्क्रिप्ट केलीस ना? पासवर्डशिवाय चोराला नुसतं डबडं मिळेल."

"बंद असेल तर डबडं."

"मी रोज बंदच करतो."

महिनाभर हेच चाललं होतं. डॉक्टर वैतागले. "हे बघ, बंद लॅपटॉपातली एक ओळ वाचून दाखव. दाखवलीस तर नोंदी इथेच राहतील. नाहीतर उद्यापासून तू बाहेर नंबर पुकारायचे, याला हात लावायचा नाही."

माझा स्क्रू ड्रायव्हर जागेवरच थांबला. हे काम तिने चार वर्षं खपून मिळवलं होतं.

"करा बंद," बटण म्हणाली.

डॉक्टरांनी खट्कन झाकण मिटलं. "केला."

बटणने झाकण उचललं. सगळं जसंच्या तसं समोर. झाकण उघडल्यावर दर वेळी पासवर्ड मागतो, कटकट नको, म्हणून ते मागणंही डॉक्टरांनी बंद करून टाकलं होतं.

"पेशंटचं मी वाचणार नाही," म्हणत तिने डॉक्टरांचीच डायरी उघडली. "'सोमवारपासून बिस्किटं बंद.' मागच्या सोमवारीही हेच लिहिलंय, सर."

डॉक्टरांनी बिस्किटांची बशी हळूच फायलींमागे सरकवली.

"बिस्किटं जशी बंद, तसाच हा बंद. झाकण मिटलं की हा झोपतो, पण किल्ली त्याच्या मुठीतच असते. एन्क्रिप्शन कामाला येतं ते पूर्ण बंद केल्यावर."

आता मला राहवेना. "डॉक्टर, बंद म्हणूच नका. स्टोव्ह आपण मिटतो का? विझवतो. हाही विझवायचा." हा शब्द माझा. आज तिथे सगळे तोच वापरतात, माझं नाव कुणी घेत नाही, ते सोडा.

नोंदी दवाखान्यातल्या मशीनवर राहिल्या, लॅपटॉपातून पुसल्या गेल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लॅपटॉप विझवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच बटणचा फोन. "दादा, तुझ्या तिजोरीत माझं सीलबंद पाकीट आहे ना, ते घेऊन ये. सरांची गाडी तासाभरात आहे."

"काय झालं?"

"सात महिन्यांत पहिल्यांदा विझवला. पासवर्ड आठवत नाहीये."

त्या पाकिटात पासवर्ड विसरल्यावर लागणारे आकडे होते, पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेले. मी धावत गेलो. डॉक्टर घामाघूम. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाले, "उघडून नाही ना पाहिलंस?"

"मी कुलूपवाला आहे, डॉक्टर. उघडलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं."

बटणने माझ्या पायावर पाय दिला. आकडे टाकले, नवा पासवर्ड ठेवला, भाषण दिसलं. डॉक्टरांनी झाकण मिटलं, बॅग उचलली, दारापर्यंत गेले, थांबले, आणि परत येऊन लॅपटॉप विझवायला बसले.