बाप्तिस्म्याच्या सकाळी अडकलेली लिफ्ट

पद्माकर हिवाळे मूळचे निपाणीचे, पण सारी हयात बेंगळुरूत लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. त्यांची एक रीत होती. दुरुस्ती झाली की पहिली फेरी स्वतः करायची आणि वर जाता जाता, उद्यापासून या लिफ्टमधून जी माणसं ये-जा करतील त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. बरोबरचे कामगार चेष्टा करायचे, "हिवाळेअण्णा, चर्च रविवारी असतं की."

"रविवारी जे म्हणतो ते बाकीच्या दिवशी करून बघायला नको?" अण्णा म्हणायचे आणि हत्यारं आवरायला लागायचे.

ते निवृत्त झाले, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्या रविवारी त्यांच्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा होता. मुलगा क्षितिज आणि सून बाळाला घेऊन जे. पी. नगरच्या चर्चमध्ये पुढे गेले होते. पद्माकर आणि हेमलताबाई मागून ऑटोने निघाले. पांढराशुभ्र शर्ट, नवी पँट, केसांना तेल. बेळ्ळंदूरपाशी गर्दीत ऑटो थांबली असतानाच फोन वाजला.

फोन योगीराजचा होता. जवळच्याच एका उंच इमारतीचा हा वॉचमन. तिथल्या लिफ्ट पद्माकरांनी कित्येक वर्षं सांभाळल्या होत्या.

"अण्णा, लिफ्ट मधेच अडकलीय. आत एक म्हातारे आजोबा एकटेच आहेत. कंपनीचा माणूस महादेवपुऱ्याहून निघालाय, पण रस्ता जाम आहे. आजोबा आतून दार बडवतायत."

पद्माकरांनी बायकोकडे बघितलं. हेमलताबाईंना बोलणं ऐकू आलं होतं.

"आजच्या दिवशी तरी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "उतरा. मी पुढे जाऊन सांगते. थांबले तर थांबतील."

पद्माकर पोचले तेव्हा लिफ्टसमोर आजोबांची सून शुभदा रडत उभी होती. नवरा परगावी होता. सासरे, आप्पाजी, चार दिवसांसाठी संकेश्वरहून आले होते आणि सकाळी फिरायला म्हणून एकटेच खाली निघाले होते. दारापलीकडून धाप लागल्यासारखा आवाज येत होता.

"आप्पाजी, मी पद्माकर. लिफ्टचंच काम करतो. लिफ्ट पडत नाही, तिला वरून धरून ठेवलेलं असतं. तुम्ही आधी खाली बसा बघू."

"जाऊ नकोस," आतून आवाज आला. "बोलत राहा."

पण लिफ्ट हलवायची तर गच्चीवरच्या मशीनपाशी जाणं भाग होतं. पद्माकरांनी योगीराजला आपल्या फोनवर घेतलं आणि सांगितलं, "तुझा फोन स्पीकरवर टाकून दाराच्या फटीशी धर. मी वरून बोलतो."

गच्चीवर जाऊन त्यांनी मेन स्विच बंद केला, ब्रेक सैल केला आणि मोठं चाक हातानं हळूहळू फिरवायला लागले. खिशातल्या फोनवर एकीकडे बोलणं चालूच होतं.

"आप्पाजी, आता जरा हललं ना? तो मीच. घाबरू नका."

"तू कुठला रे?"

"निपाणीचा."

"मग शेजारचाच की. आज सुट्टी नव्हती तुला?"

"नातीचा बाप्तिस्मा आहे. पाळकसाहेब तिच्या डोक्यावर पाणी घालतील आणि ती भोकाड पसरेल. प्रांजली नाव ठेवतोय."

"आणि तू इथं?"

"तुम्हीपण कोणाचे तरी आजोबाच आहात की." पद्माकरांच्या कपाळावरून घाम गळत होता. मनात एकच धावा चालला होता, प्रभू, या माणसाला सुखरूप बाहेर काढ.

लिफ्ट मजल्याला लागल्याची दोरावरची खूण चाकापाशी आली. ब्रेक पुन्हा पक्का करून ते धावतच खाली आले आणि योगीराजकडच्या किल्लीनं दार उघडलं. आप्पाजी कोपऱ्यात बसले होते. पद्माकरांनी त्यांना दोन्ही काखांत धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं. आजोबांनी त्यांचा हात सोडला नाही. पद्माकरही उठले नाहीत. बाप्तिस्मा चुकला हे त्यांना कळून चुकलं होतं. तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आजोबांचा श्वास जागेवर आला, शुभदानं डॉक्टरांना बोलावलं, तेव्हाच ते निघाले.

चर्चमध्ये पोचले तेव्हा उपासना संपली होती. शर्टावर काळे डाग, केस विस्कटलेले. मागच्या दारानं ते हळूच आत शिरले, तर मंडळी बाकांवरून वळून त्यांच्याकडेच बघत होती.

पाळकसाहेब पुढे आले. "हिवाळे, ते आजोबा निघाले का बाहेर?"

"निघाले. बरे आहेत."

सगळ्या बाकांवरून एकदमच सुटकेचा सुस्कारा उठला. मागून कोणीतरी 'आमेन' म्हणालं. पद्माकर गोंधळून हेमलताबाईंकडे बघायला लागले.

"मी पाळकसाहेबांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्म्याच्या प्रार्थनेत त्यांनी आजोबांनाही घेतलं. सगळे त्यांच्यासाठीच तर खोळंबलेत."

"आणि प्रांजली रडली का?"

"रडली? सगळं चर्च डोक्यावर घेतलं."

क्षितिजनं बाळाला त्यांच्या हातात दिलं. पद्माकर पुढच्या बाकावर बसले. आता कुठे त्यांच्या लक्षात आलं, की भूक सपाटून लागलीय. बाहेर जेवणाची पंगत बसत होती. हेमलताबाईंनी हाक मारली, पण बाळाला झोप लागत होती, म्हणून ते आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.