पंचविसावी घडी

माझं काम माणसाला झोपवायचं आणि आपण जागं राहायचं. पेशंटच्या उशाशी बसून ऑपरेशन थिएटरमधली भांडणं मी बावीस वर्षं फुकटात पाहत आले आहे. पण आमच्या थांबाताईंच्या भांडणाची सर कशालाच नाही.

थांबाताई म्हणजे सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या सिस्टर. शंका आली की भल्याभल्या डॉक्टरांना त्या "थांबा" म्हणतात, आणि डॉक्टर निमूट थांबतात. त्यांच्या जोडीला लगबगताई. पाकिटं उघडून द्यायची आणि फळ्यावर आकडा लिहायचा, हे यांचं काम. चालण्यात घाई, बोलण्यात घाई आणि तोंडात तीळ भिजत नाही. थांबाताई केस काळे करतात ही बातमी त्यांनीच हॉस्पिटलभर केली. झालं, नऊ दिवस अबोला.

पण थिएटरमध्ये अबोला धरून चालत नाही. रक्त टिपायच्या कापडी घड्या दोघींनी मिळून मोठ्याने मोजायच्या असतात. एखादी पोटात राहिली तर पेशंटच्या जिवावर बेतायचं. त्यामुळे या दोघी भिंतीकडे बघत "सात", "आठ", "नऊ" एवढंच एकमेकींशी बोलायच्या.

त्या सकाळी एका बाईंच्या पोटाचं ऑपरेशन होतं. मध्येच रक्त आलं आणि धांदल उडाली. थांबाताईंचे दोन्ही हात अडकलेले. तेव्हा जादा लागलेलं पाचाचं पाकीट लगबगताईंनी एकटीनेच मोजून दिलं आणि फळ्यावर वीसचे पंचवीस केले. शेवटी मोजणी झाली तर चोवीस. पुन्हा मोजलं. चोवीसच.

"पाकिटात चारच असतील," सर्जन सुई मागत म्हणाले. "यांची घाई काय आपल्याला माहीत नाही?"

लगबगताईंचा चेहरा खर्रकन उतरला. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

"थांबा," थांबाताई म्हणाल्या. "पाच होत्या."

"तुम्ही पाहिल्यात?"

"नाही. तिने मोजल्यात. पोट शिवायचं नाही."

सर्जन तापले. त्यांनी पुन्हा पोटात नीट पाहिलं, काही नाही. घडीत एक्स-रेत दिसणारा दोरा असतो, म्हणून एक्स-रे मागवा असं ओरडले. सुई थांबाताईंच्या हातात, आणि ती काही सुटेना. लगबगताई तोवर चारी हातापायांवर टेबलाखाली शिरल्या होत्या. तिथून आवाज आला, "सर, पाय उचला."

"काय?"

"डावा!"

या डॉक्टरांना आजवर कुणी पाय उचला म्हटलं नव्हतं. ते एका पायावर डुगडुगत उभे राहिले. चपलेच्या तळाला लाल घडी घट्ट चिकटलेली होती.

"पंचवीस," लगबगताई म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पंचवीस," थांबाताई म्हणाल्या आणि सुई पुढे केली.

हात धुताना मला राहवलं नाही, थांबाताईंना विचारलंच. "घडी सापडली नसती तर? एका माणसाच्या शब्दावर एवढं अडून बसलात?"

"एका माणसाच्या कशाला? तिच्या."

"मग आता अबोला सुटला म्हणायचा!"

"छे!" त्या हात पुसत म्हणाल्या. "मी अजून रागावलेय."