मीनाक्षीचं बाळंतपण

वर्धमानअण्णा हेरवाडे यांनी आयुष्यात एकही माशी मारलेली नाही, आणि त्यांचा धंदा गुळाचा आहे. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात ते बघायचं असेल तर हंगामात त्यांच्या दुकानात जाऊन उभं राहावं. अण्णा खांद्यावरचा पंचा काढतात आणि ढेपांवरून असा अलगद फिरवतात, की माशीला वाटावं आपल्याला वारा घालताहेत. माशी उठते, एक गिरकी घेते आणि पुन्हा त्याच ढेपेवर बसते. अण्णा पुन्हा पंचा फिरवतात. ऐन तारुण्यात सुरू झालेला हा प्रकार अण्णांचे केस पांढरे झाले तरी चालू आहे, आणि दोन्ही बाजूंनी अजून कुणी कंटाळलेलं नाही.

अशा माणसाच्या मंगळवार पेठेतल्या घरात कोळ्याची पिल्लं जन्माला आली.

कोळीण अपूर्वाची. अपूर्वा म्हणजे अण्णांची एकुलती एक लेक. लोकांच्या मुली मांजर पाळतात, हिनं कोळीण पाळली. जाळं न विणणारी, उड्या मारत हिंडणारी, नखाएवढी, काळी, अंगावर मखमलीसारखी लव. समोर दोन टपोरे डोळे आणि उरलेले सहा जागा मिळेल तिथं. एवढे डोळे आहेत म्हणून अपूर्वानं तिचं नाव मीनाक्षी ठेवलं. पुढं अपूर्वाला बेंगळुरूला नोकरी लागली, आणि नेमकं त्याच आठवड्यात मीनाक्षीनं आपल्या पारदर्शक डब्याच्या कोपऱ्यात पांढरी पिशवी विणून त्यात अंडी घातली. निघताना अपूर्वानं डबा वडिलांच्या हातात दिला.

"पप्पा, बघशीला न्हवं?"

"बघतो की."

मुलगी गाडीत बसेपर्यंत अण्णा त्या डब्याकडंच बघत होते. दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

सुरुवातीला अपूर्वाचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, बरं आहे का, ठेवते. पण पिशवीतून खसखशीएवढी पिल्लं बाहेर पडली आणि फोन रोज संध्याकाळी यायला लागला, तोही चेहरा दिसणारा. चेहरा आधी पिल्लांचा दाखवायचा. मग मीनाक्षीचा. वेळ उरला तर वडिलांचा. "हे घर हाय का जंगल?" असं पहिल्या दिवशी विचारणाऱ्या अण्णांच्या पत्नी भाग्यश्रीकाकू फोनच्या वेळेला चांगली साडी नेसून डब्याशेजारी येऊन बसायच्या आणि कुणी न विचारता सांगायच्या, "मी कोळी बघाय बसले न्हाई. गहू निवडायला हितं उजेड बरा हाय."

आता प्रश्न जेवणाचा. पिल्लं बाहेर पडल्यावर मीनाक्षीला वेगळ्या डब्यात हलवलं होतं, तेव्हा तिचं अवघड नव्हतं. झाकण उघडलं की ती खिडकीवर जायची, काय मिळेल ते खायची आणि परत यायची. ती खिडकीत असेपर्यंत अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. जे पाहिलं नाही त्याला आपली संमती आहे असं कुणी म्हणू शकत नाही. पण पिल्लांना मोकळं सोडलं तर ती परत येणार नाहीत, असं अपूर्वानं बजावलं होतं. तेव्हा पिल्लांना घरचं जेवण द्यायचं ठरलं. फडक्यातून गाळलेलं पाणी, त्यात आपल्याच दुकानातला उत्तम गूळ, आणि त्यात बुडवलेला कापसाचा बोळा. हेरवाड्यांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी खात नाही, त्यामुळं सूर्यास्ताच्या आत बोळा बाहेर.

"लहानपणी वळण लागलं ते लागलं," अण्णा म्हणाले.

पिल्लं बोळ्याला चिकटून गुळाचं पाणी प्यायली. अण्णांची छाती फुगली. शेजारी गणपतराव राहायचे. त्यांच्या गोठ्यात म्हशी आणि घरात दर रविवारी मटण. अण्णा मुद्दाम जाऊन त्यांना सांगून आले, "आमची पिल्लं शुद्ध शाकाहारी हायत."

गणपतराव म्हणाले, "मग त्यास्नी पाठशाळेत घाला की अण्णा."

काही दिवसांनी पिल्लं विरळ वाटायला लागली. अण्णांना वाटलं, झाकणाच्या भोकांतून पळाली. भोकांवर मलमल चिकटवली. काकूंनी गाद्या झटकल्या, उशांचे अभ्रे उलटे केले. तरी डब्यातली गर्दी कमीच होत गेली. शेवटी एका दुपारी अण्णांनी चष्मा पुसून डब्याला नाक लावलं. एक पिल्लू चांगलं बाळसेदार दिसत होतं. ते आपल्या सख्ख्या भावाला खात होतं.

अण्णा खाली बसले.

खरं तर अपूर्वानं आधीच सांगितलं होतं, पिल्लं हिंडायला लागली की प्रत्येकाला वेगळी डबी द्या. अण्णांनी ते नीट ऐकलं होतं आणि करायचं नाही असं तितकंच नीट ठरवलं होतं. हेरवाडे चार भाऊ, सगळ्यांची पोरंबाळं धरून आजवर एका चुलीवर जेवलेले. भावाभावांना वेगळं काढायचं पाप आपल्या हातून होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

संध्याकाळी फोन आला. अण्णांनी सगळं कबूल केलं.

"पप्पा! वेगळी ठेवली न्हवती?"

"अगं, तुझे काका अजून एका पंगतीला—"

"काकांना भूक लागली तर ते तुम्हाला खातात काय?"

यावर अण्णांना थोडा विचार करावा लागला.

"गुळाच्या पाण्यावर नुसती तहान भागतीय त्यांची," अपूर्वा म्हणाली. "आजच्या आज वेगळी करा. आणि चिलटं घाला. जिवंत. न्हाईतर मी दिवाळीला येईपर्यंत एक बी उरायचं न्हाई." तिचा आवाज जरा ओला झाला आणि फोन बंद झाला. त्या दिवशी वडिलांचा चेहरा दाखवायचा राहूनच गेला.

मुखवासाच्या छोट्या डब्या धुऊन निघाल्या. एकत्र कुटुंब फुटलं. मग अण्णांनी एक पिकून काळं पडलेलं केळं बशीत ठेवलं, आणि ज्या माणसानं जन्मभर चिलटं हाकलली तो चिलटांची वाट बघत बसला. चिलटं आली. अण्णांचा हात सवयीनं पंच्याकडं गेला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. एका डबीचं झाकण उघडलं. एक चिलट अगदी जवळ, केळ्यावर बसून पाय चोळत होतं. त्याचंही काहीतरी घरदार असेल. अण्णांनी झाकण लावलं.

"द्या हिकडं, मी घालतो," गणपतराव म्हणाले. ते हा सोहळा बघायला खास आले होते. "आमच्यात आयतवारी अख्खं बोकड शिजतंय. त्यात चिलटाचं पाप कुठं दिसायचं?"

अण्णांचा चेहरा उजळला. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

"स्वतः करायचं न्हाई, दुसऱ्याकडनं करवून घ्यायचं न्हाई आणि कुणी केलं तर बरं केलं म्हणायचं न्हाई. तिन्हीला पाप सारखंच. पोरीकडनं पाठ करून घेतलासा, आणि आता स्वतः विसरलासा व्हय?"

"मग असं करूया वैनी," गणपतराव हरणारे नव्हते. "सगळी बाळं मी घरला न्हेतो. पिल्लं बी माझी, पाप बी माझं. तुमचा काय संबंध न्हाई."

"नको," अण्णा एकदम म्हणाले.

"का ओ?"

"मग फोन तुमच्याकडं येईल की."

गणपतरावांचा मुलगा राजवीर पुण्याला असतो, फोन सणासुदीलाच करतो. त्यांनी केळ्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि "म्हशीला वैरण टाकायची ऱ्हायलीय," असं म्हणत उठून गेले. वैरण त्यांनी सकाळीच टाकली होती.

काकू बाहेर आल्या. गव्हाचं ताट रिकामं करून त्यांनी त्यात डब्या मांडल्या.

"चला गॅलरीत. आपल्याला फोन यावा म्हणून ह्यांनी उपाशी मरायचं व्हय?"

गॅलरीत मोठ्या कुंडीत कढीपत्ता होता. अण्णांनी एकेक झाकण स्वतः उघडलं. पिल्लं डबीच्या काठावर यायची, थांबायची, पुढचे पाय उचलून जगाचा अंदाज घ्यायची आणि टुणकन उडी मारून पानाआड नाहीशी व्हायची. एकानंही मागं वळून बघितलं नाही. आठ डोळे असल्यामुळं कदाचित त्याची गरज पडत नसेल. ते काळं केळं अण्णांनी कुंडीत टाकलं. खत म्हणून.

संध्याकाळी अपूर्वाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलासा पप्पा." जेवलात का, बरं आहे का, ठेवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू चांगली साडी नेसून बसल्या. गहू संपले होते, म्हणून तांदूळ घेतले. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी साडी साधीच होती. अण्णा गॅलरीत जाऊन पानं उलटी करून बघत होते. एकदोन पिल्लं दिसली, चांगली अंगानं भरलेली. पण हे सांगायला आपण होऊन फोन करावा, तर ती कामात असेल. अण्णांनी आजवर कधी आपण होऊन फोन केला नव्हता.

परत आत येऊन ते मीनाक्षीच्या डब्याचं झाकण लावायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. मीनाक्षी खिडकीवरून कधीच परतली होती. डब्याच्या कोपऱ्यात नवी पांढरी पिशवी होती, आणि तिच्यावर बसून मीनाक्षी अण्णांकडं टपोऱ्या डोळ्यांनी बघत होती.

अण्णांनी खिशातून फोन काढला. पलीकडं एका रिंगमध्ये उचलला गेला.

"काय झालं पप्पा? मम्मी बरी हाय न्हवं?"

"मीनाक्षी परत बसली."

पलीकडून एवढी मोठी किंकाळी आली, की मीनाक्षी दचकून पिशवीमागं गेली. "दाखवा! न्हाई, थांबा, मी चेहऱ्याचा फोन लावते. आणि आता रोज दाखवायचं, कळलं?"

"थांबा, लुगडं बदलून येते," काकू म्हणाल्या आणि तांदूळ तिथंच टाकून आत पळाल्या.

सकाळी दुकानाला जाताना अण्णा कोपऱ्यावरच्या बायडाबाईंच्या फळाच्या गाडीपाशी थांबले आणि डझनभर केळी मागितली. बायडाबाईंनी चांगली पिवळीधमक निवडून दिली.

"ही न्हाईत," अण्णा म्हणाले. "ती खालची. काळी पडल्याली."

"अण्णा, ती टाकायची हायत! कशाला पायजेत?"

"खताला," अण्णा म्हणाले, आणि केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांकडं त्यांनी लगेच पाठ फिरवली.